पळता येतं ते ठीक, बोनाफाईड कुठाय?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंत? अभिनंदन. गणित-विज्ञानाची काळजी करू नका, ते होतं. कायद्याचीही नको. शिक्षण हक्क कायदा घरशिक्षणाच्या आड येत नाही, असं केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगून टाकलंय. खरी परीक्षा पुढेच आहे. पोरगी बारा वर्षांची होते, सोसायटीतल्या झाडून सगळ्या मुलांना पळण्यात मागे टाकते आणि एके दिवशी म्हणते, "मला तालुक्याला पळायचंय."

अशा वेळी आईबापांना पहिला मोह होतो तो चांगले बूट घेऊन देण्याचा. आवरा. आधी शिक्का मिळवा, बूट काय कुठेही मिळतात. शालेय क्रीडा स्पर्धांची प्रवेशिका एकदा डोळ्यांखालून घाला. फोटो चिकटवायचा आणि त्यावर मुख्याध्यापकांचा गोल शिक्का असा मारायचा, की अर्धा फोटोवर यावा, अर्धा कागदावर. जनरल रजिस्टरचा नंबर, शाळेचा अकरा आकडी यू-डायस कोड, जन्माचा दाखला. पोरगी शंभर मीटर किती सेकंदांत पळते हे कुठे लिहायचं म्हणून रकाना शोधत बसू नका. खिडकीपलीकडे संवाद साधारण असा होईल:

"शाळा कोणती?"

"घरी शिकते ती."

"ते कळलं हो मॅडम, पण शाळा कोणती?"

इथे चिडू नका. पलीकडचा माणूस वाईट नसतो, त्याच्या रकान्यात 'घर' बसत नाही एवढंच. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जही शाळेमार्फतच भरायचा असतो. हे सगळे उपक्रम मुलांसाठी असतात हे खरं, फक्त ती मुलं कुणीतरी प्रमाणित केलेली लागतात.

करदात्याचा मुद्दा तर चुकूनही काढू नका. प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर तुम्हीही भरता, मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची ओळ तुमच्याही असते. ते पैसे घेताना कुणी बोनाफाईड मागत नाही, हा त्यांचा मोठेपणा समजा. तोच मोठेपणा मैदानाच्या बाबतीत दिसत नाही. संध्याकाळी सरकारी शाळेच्या फाटकाशी जाऊन "तासभर पळू द्याल का?" विचारलंत, तर "साहेबांची परवानगी आणा" असं उत्तर येईल. मागे मैदानात लग्नाचा मांडव पडत असेल. एक व्यावहारिक सूचना: वऱ्हाडी म्हणून आत शिरा आणि अक्षता पडेपर्यंत दोन फेऱ्या उरका.

मुलगा क्रिकेटवाला असेल आणि घर मुंबईत, तर इतिहासाचा आधार घ्या. आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून सचिनची शाळाच बदलली गेली, तो शारदाश्रमात आला, आणि १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली. शाळा क्रिकेटसाठी निवडायची असते, हे मुंबईला तेव्हापासून पाठ आहे. भूगोलासाठी कुणी दादरला जात नाही.

तुम्हीही तेच करा. हजेरीचा आग्रह न धरणारी एखादी शाळा शोधा. हा सल्ला अनैतिक वाटत असेल, तर जरा आजूबाजूला बघा. अकरावी-बारावीची कितीतरी मुलं कॉलेजचं तोंड न बघता दिवसभर क्लासमध्ये बसलेली असतात आणि त्यांची हजेरी शंभर टक्के भरते. नाव पटावर, पोर क्लासात: हा नियमित विद्यार्थी. तुमची मुलगी रोज सकाळी धावते, दुपारी अपूर्णांक सोडवते, संध्याकाळी पुस्तक वाचते: ही शाळाबाह्य. आणि तालुक्याला संघ पाठवण्याचा अधिकार कुणाला? तर जिथे पीटीच्या तासाला गणिताच्या बाई "पोर्शन राहिलाय" म्हणत वर्गात शिरतात, त्या शाळेला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र यातलं काही सांगू नका. फ्लोरिडाने १९९६ मध्येच कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या संघात खेळू दिलं. टिम टिबो नावाचा मुलगा घरी शिकून तिथल्या नीस हायस्कूलकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि २००७ मध्ये कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत मानाची हाइजमन ट्रॉफी घेऊन गेला. पुढे इतर राज्यांतल्या अशा विधेयकांना लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. तिथेही सगळीकडे गोडीगुलाबी नाही, व्हर्जिनियात असं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं आणि गव्हर्नरने नाकारलं. पण निदान नाकारायला विधेयक तरी होतं. आपल्याकडे विषय खिडकीवरच निकालात निघतो, विधिमंडळाचा वेळ वाचतो.

"एवढी हुशार असेल तर अभ्यासातच चमकू दे की," असं सांगणारे काका भेटतील. त्यांना मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण द्या. सातवीत शाळा सोडली, घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचा दरवाजा बंद राहिला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. म्हणजे अभ्यासातही चमकता येतं, फक्त बोस्टनचं तिकीट काढायची तयारी हवी. तालुक्याला एसटी जाते.

तर शाळा मिळाली, शिक्का उमटला, असं समजू. सकाळी सातला मैदानावर हजर राहा. फक्कीने आखलेल्या लेनमध्ये पोरगी उभी राहील, पाठीवर चार टाचण्यांनी लावलेला नंबर फडफडेल, आणि ती पहिली येईल. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी असेल. तिच्या एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष, आणि खाली 'सरांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले'. सरांनी तिला या फोटोतच पहिल्यांदा पाहिलेलं असेल. तरी वर्तमानपत्राला फोन करू नका. एक किलो पेढे घेऊन शाळेत जा, सरांना स्वतःच्या हाताने भरवा आणि निघताना सहज विचारा, जिल्ह्याच्या फॉर्मवर सही आजच होईल का?