चपला हरवल्यास संस्था जबाबदार नाही

स्पर्धा परीक्षेत 'विधान व गृहीतके' हा प्रश्न (एक विधान देतात, आणि ते करणाऱ्याने न बोलता काय धरलंय ते ओळखायला सांगतात) दिसला की घाम फुटणाऱ्या तमाम भावी साहेबांनो, आधी शांत व्हा. परीक्षेच्या दारात मोबाईल, घड्याळ, पाकीट सगळं काढून घेतात. त्यांच्याबरोबर अनुभवही जमा करून टाका. आत त्याचा उपयोग नाही. उलट तो सापडला तर गुण जातात.

उदाहरण घ्या. विधान: 'रूळ ओलांडू नका, पादचारी पुलाचा वापर करा,' असा फलक रेल्वेने लावला. गृहीतक एक: लोक फलक वाचतात. गृहीतक दोन: रूळ ओलांडणे धोक्याचे असते. आता तुम्ही कल्याणला चार वर्षं काढलेली. फलकाला टेकून, पिशवी आधी पलीकडे टाकून, मग स्वतः उडी मारणारे काका तुम्ही रोज बघितलेले. म्हणून तुम्ही 'फक्त दोन' वर गोळा काळा करता आणि बाहेर येऊन 'सिली मिस्टेक झाली' म्हणता. सिली कसली? चांगली चार वर्षांची कमाई होती ती!

उत्तर 'दोन्ही' असतं. लोक वाचतात की नाही, हे तुम्हाला कुणी विचारलेलंच नसतं. फलक लावणाऱ्याने काय धरून फलक लावला, एवढंच विचारलेलं असतं. आणि फलक लावणारा शहाणा आहे, भिंत रिकामी दिसली म्हणून किंवा मार्चअखेर निधी उरला म्हणून त्याने तो लावलेला नाही, हे तुम्ही निमूट मान्य करायचं. या सगळ्या प्रश्नप्रकाराखालचं सर्वांत मोठं गृहीतक हेच. ते पर्यायांत कधी छापत नाहीत.

तरीही अगदी बुद्धी वापरायचीच हौस असेल, तर एक जुनी युक्ती आहे: गृहीतक उलटं करायचं आणि विधान कोसळतं का ते बघायचं. सरावाला लांब जायला नको. माझ्या अभ्यासिकेच्या जिन्यात, पेठेतल्या रिवाजाप्रमाणे, पाटी आहे: 'चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास संस्था जबाबदार नाही.' गृहीतक एक: येथे चपला हरवू शकतात. उलटं करा. येथे चपला हरवूच शकत नाहीत. मग पाटीचं दुसरं वाक्य कशाला? कोसळलं. म्हणजे गृहीतक गर्भित आहे, विधानाच्या पोटात न बोलता बसलेलं. (काही पुस्तकांत 'अंतर्निहित' म्हणतात. घाबरू नका, चप्पल तीच.)

गृहीतक दोन: चपला नेणारा आपल्यातलाच कुणीतरी आहे. उलटं करा. नेणारा बाहेरचा आहे. पाटी ढिम्म हलत नाही. म्हणजे हे गर्भित नाही. आता ते खरं आहे, हे मला माहीत आहे. माझ्या मागच्या सँडल मी तिसऱ्या रांगेत, सहकार कायद्याचं पुस्तक उघडून बसलेल्या पायांत पाहिल्या आहेत. पण खरं असणं वेगळं आणि गर्भित असणं वेगळं. हा फरक ज्याच्या मेंदूत उतरला त्याची पोस्ट निघते, म्हणजे निवड होते. ज्याच्या पायांत उतरला त्याला फुकट सँडल मिळतात.

आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असं म्हणायची पद्धत आहे. इथे ते खरंही आहे, आणि तरीही त्यांचे गुण गेले असते. 'पीनो देवदत्तो दिवा न भुङ्क्ते.' देवदत्त लठ्ठ आहे, पण दिवसा जेवत नाही. त्याअर्थी तो रात्री जेवतो. मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी याला अर्थापत्ती म्हटलं आणि स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या वेगळ्या साधनाचा, दर्जा दिला. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे पंडित, म्हणाले, स्वतंत्र कसलं, हे तर अनुमानच. वाद शतकानुशतकं चालला; निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. तुम्ही मात्र 'देवदत्त रात्री जेवतो' याला गृहीतक म्हणू नका. तो निष्कर्ष. गृहीतक त्याच्या खाली दडलेलं आहे: जेवल्याशिवाय कुणी लठ्ठ राहत नाही. ते कुणी बोलून दाखवत नाही, कारण ऐकणारे सगळे जेवूनच आलेले असतात. थायरॉईडचं काय, असं विचारू नका. पर्यायात नाही.

मराठीतून पेपर देणाऱ्यांनी एका अक्षराला विशेष जपावं. ते अक्षर 'च'. 'कंपनीने जाहिरात दिली' या विधानात 'जाहिरातीचा लोकांवर परिणाम होतो' हे गर्भित. 'जाहिरातीचा लोकांवर परिणाम होतोच' हे नाही. 'फक्त', 'सर्व', 'नक्कीच', 'एकमेव' ही मंडळी याच गावची. दिसली की रस्ता बदला. घरी मात्र 'मी पास होणार' म्हणून चालत नाही, 'होणारच' म्हणावं लागतं. दोन्हीकडची सवय ठेवा.

यूपीएससीने 2011 साली पूर्वपरीक्षेत सीसॅट (आकलन आणि तर्काचा पेपर) आणलं आणि दोन वर्षांनी एमपीएससीने. तेव्हापासून दिलेल्या उताऱ्यातलं गृहीतक ओळखणं ही प्रशासकाची पात्रता ठरली. 2015 पासून यूपीएससीने हा पेपर नुसता पात्रतेपुरता केला: 200 पैकी 33 टक्के मिळाले की झालं. पुढे एमपीएससीही त्याच वाटेने गेली. म्हणजे साहेबांना एक तृतीयांश तर्क पुरतो, हे गृहीतक गर्भित आहे की नाही, तुम्हीच ठरवा. आणि उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत जरूर घ्या. पहिली उत्तरतालिका येते, हरकती मागवतात, पुरावा जोडायला सांगतात. इतिहासाला ग्रंथाचं पान जोडता येतं. तर्काला काय जोडणार? मी एकदा चार ओळींचं स्वतःचं स्पष्टीकरण जोडलं. संदर्भग्रंथाचं नाव नसल्याने ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. पुढे अंतिम तालिकेत प्रश्नच रद्द झाला.

पेपर झाल्यावर सराव सोडू नका. 'पुढील परीक्षेची तारीख यथावकाश जाहीर करण्यात येईल.' गृहीतक: तोवर उमेदवाराचं वय वाढणार नाही. खुल्या गटाला मर्यादा 38 ची आहे. उलटं करून बघा आणि काय कोसळतं ते कुणाला सांगू नका.

सर्वांत अवघड प्रश्न रविवारी संध्याकाळी फोनवर येतो. आई विचारते, "यंदा तरी होईल ना रे?" त्या 'तरी'मध्ये मागची तीन वर्षं बसलेली आहेत. 'ना'मध्ये, बाबांनी विचारायला सांगितलंय हे आहे. 'रे'मध्ये काय आहे ते सोडवत बसू नका, वेळ जातो. "हो" म्हणा. "होईलच" म्हटलं तरी चालेल, इथे 'च'ला गुण कापत नाहीत.

मग फोन ठेवून मेसला जा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, नऊनंतर पोळी मिळणार नाही. साडेनऊला जा. मावशी झाकून ठेवते.