परवाना घेतला म्हणून सर्व्हर पडायचा थांबत नाही

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. ते एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि त्याच्या भरवशावर मंगळवारच्या बैठकीत नव्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा खर्च मंजूर व्हायचा आहे. मेसेज सांगतो: ओपन सोर्स सर्व्हरचा कोड उघडा असतो, म्हणून कुणीही तो वाचून सर्व्हर बंद पाडतो. विकतच्या सॉफ्टवेअरला हा धोका नाही. अशा हल्ल्याला हजारो मशीन लागतात, लहान संस्थेच्या वाटेला कोण जाईल? आणि यात डेटा चोरीला जात नाही, तेव्हा पॅच (दोष दुरुस्त करणारा छोटा बदल) लावायची घाई नको.

पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांना खोटं पाडतात, हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही दिसलं नाही याची चीड येते.

‘विकतचं सुरक्षित’ हे आधी घेऊ. १० ऑक्टोबर २०२३ रोजी गूगल, क्लाउडफ्लेअर आणि ॲमेझॉन यांनी एकत्रितपणे ‘रॅपिड रीसेट’ हल्ल्याची माहिती जाहीर केली. गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा नोंदवला होता. दोष होता एचटीटीपी/२ या प्रोटोकॉलच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांच्या, रचनेत. खानावळीत एका टेबलाला एका वेळी शंभर ताटांची मर्यादा आहे असं धरा. गिऱ्हाईक ऑर्डर देतं आणि लगेच रद्द करतं, पुन्हा देतं, पुन्हा रद्द करतं. टेबलावर ताट एकही नाही, म्हणून मर्यादा कधी ओलांडलीच जात नाही. आत मात्र प्रत्येक ऑर्डरसाठी पोळी लाटायला घेतलेली असते. सर्व्हरचं तेच झालं. विनंती पाठवून तत्क्षणी रद्द केली की ती मोजणीतून सुटते, पण तिच्यावरचं काम सुरू झालेलं असतं. यात टॉमकॅट हा वेब सर्व्हर आणि गो या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडली, तशीच मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हर आणि एफ५ कंपनीची बिग-आयपी ही बंद कोडची विकाऊ उत्पादनंही सापडली. मायक्रोसॉफ्टचा पॅच त्याच दिवशी आला, गोची दुरुस्त आवृत्तीही त्याच दिवशी. मग उघड्या कोडने नेमकं काय बिघडवलं?

हजारो मशीनचं म्हणाल तर ऑगस्ट २०११मध्ये अपाची वेब सर्व्हरला बंद पाडणारी एक छोटी स्क्रिप्ट उघड झाली होती. फाइलचे असंख्य तुकडे एकाच विनंतीत मागायचे, बस. त्याला एकच मशीन पुरत होतं. दुरुस्त केलेली २.२.२० ही आवृत्ती त्याच महिन्यात आली.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कोड उघडा असला की दुरुस्तीही उघडी असते. पॅच वाचून भोक कुठे होतं ते हल्लेखोराला कळतं. शिवाय कित्येक ओपन सोर्स प्रकल्प दोन-चार माणसं आपला वेळ काढून सांभाळतात, हेही खरं. पण यातून निघतं ते एवढंच, की पॅच आला की उशीर करू नका. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

म्हणूनच ‘डेटा चोरीला जात नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढायला आलेल्या आजींना खिडकीवर सांगून बघा की तुमचे पैसे सुरक्षित आहेत, फक्त शिल्लक दिसत नाही. कुणाच्या घरी दवाखान्याचं बिल भरायचं असतं, कुणाचा कर्जाचा हप्ता त्याच दिवशी असतो. पतसंस्था विश्वासावर चालते. दोन दिवस सिस्टीम बंद राहिली की गावात पहिली अफवा उठते ती पैसे बुडाल्याची, आणि मग ठेवी काढायला रांग लागते. माहिती-सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकात गोपनीयता आणि अचूकता यांच्या बरोबरीने उपलब्धता येते, ती उगीच नाही.

मामांना मी सांगितलं, परवान्याचं कोटेशन मंगळवारी बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा: आपल्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे, शेवटचा पॅच कोणत्या तारखेला लावला, आणि पुढचा आला की किती दिवसांत लावणार. मामांनी ते वहीत लिहून घेतले. उत्तरं आली की त्यांचा पुन्हा फोन येणार आहे.