दोन दिवस का लागले: आमच्या गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो. मंगळवारी आमच्या पोरानं फोनवर "कॅट-कॉन गेलाय, पस्तीस हजारांची तयारी ठेवा" असं सांगायला नको होतं. कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा महागडा भाग. तो गेला असं ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल. ती चूक आमची, त्यात दुमत नाही.

पण तुम्ही लिहिलंय, "दहा मिनिटांच्या कामाला गाडी दोन दिवस अडकवून ठेवली. शेवटी निघालं साडेतीनशेचं पॅकिंग आणि बिल लावलं १,८५०. याच चेक इंजिनच्या दिव्यासाठी आदल्या रविवारी दुसऱ्या मेकॅनिकनं दीडशे रुपये घेतले आणि दहा मिनिटांत दिवा घालवला."

बिलाचं मी काही बोलत नाही. अडकवून ठेवली, हे मात्र लागलं. आमच्या शेडमध्ये तीन गाड्या मावतात, चौथी रस्त्यावर उभी करावी लागते आणि शेजारच्या दुकानदाराची बोलणी खावी लागतात. गाडी अडकवून आम्हाला काय मिळणार?

आता त्या रविवारचं. तुम्ही सोमवारी संध्याकाळी साडेपाचला आलात तेव्हा दिवा बंद होता. "लागतो, जातो" एवढंच तुम्ही सांगितलंत. मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, तर बिघाडाचा एकही कोड नाही. आणि कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हे स्कॅनरवर दिसतं, ते होतं १४ किलोमीटर. मी तिथंच तुम्हाला विचारलं, "साहेब, कोणी बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं का? कोणी मशीन लावलं होतं का?" तुम्ही म्हणालात, "नाही हो, कोणी हातसुद्धा लावला नाही." मी जास्त विचारलं नाही. गिऱ्हाइकाला खोटं पाडायची आमच्यात पद्धत नाही. पण आता रिव्ह्यूत तुम्हीच रविवारचं लिहिलंय, म्हणून बोलतो.

दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे हो. टर्मिनल काढून किंवा मशीन लावून कोड पुसला की त्याच्याबरोबर दिवा लागला त्या क्षणाची नोंदही जाते. इंजिन किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, लोड किती होता, हे सगळं. आमच्यासाठी ती नोंद म्हणजे डॉक्टरसाठी आधीचे रिपोर्ट. ते फाडून पेशंट आणला तर डॉक्टर पुन्हा सगळ्या तपासण्या करणारच की. शिवाय गाडीचा कॉम्प्युटर कॅट-कॉनची परीक्षा उभ्या गाडीवर घेत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं लागतं आणि गाडी काही वेळ एका वेगानं चालावी लागते. इथं गावात पोवई नाका ते राजवाडा दिवसभर फिरलात तरी ती परीक्षा होईलच असं नाही. म्हणून मंगळवारी दुपारी पोरगं गाडी घेऊन शेंद्रे फाट्यावरून हायवेनं नागठाण्यापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. पेट्रोल आम्ही टाकलं, ते बिलात नाही. दुसऱ्या फेरीला कोड आला, पी ०४२०. कॅट-कॉनचं काम कमी पडतंय, असा त्याचा अर्थ.

इथंच पोरानं तुम्हाला फोन केला. मी दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली होतो. तुमचे पाच-सहा मिस्ड कॉल संध्याकाळी बघितले आणि उलट फोन करायचा राहून गेला. तेही चुकलंच.

पण साहेब, पी ०४२० आला की कॅट-कॉन गेला असं मानून आम्ही काम करत नाही. करणारे करतात. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तो एवढा महाग, आणि गिऱ्हाईक घाबरलेलं असतं. कॅट-कॉनच्या आधी धुरातला ऑक्सिजन बघणारा एक ओटू सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढच्याचं व्होल्टेज सारखं खालीवर होतं, ०.१ ते ०.९. कॅट-कॉन नीट असेल तर मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं. तुमच्या गाडीत मागचाही नाचत होता. मग एक तर कॅट-कॉन, नाहीतर सेन्सर, नाहीतर तिसरंच काहीतरी. सेन्सर मी तपासला. जोरात रेस दिली तर वर जातो, पाय सोडला तर लगेच खाली येतो. म्हणजे सेन्सर शाबूत. तीन-चार हजारांचा नवा सेन्सर टाकून "बघू दिवा जातो का" असं मी केलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी गाडी घेऊन गेला असता आणि कदाचित पाच स्टारही दिले असते.

राहिलं लिकेज. मागच्या सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाचा जोड सुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि कॉम्प्युटर बिचारा कॅट-कॉनला दोष देतो. हे लिकेज सापडायची वेळ म्हणजे सकाळी, गाडी रात्रभर थंड पडल्यावर पहिल्या स्टार्टला. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट दबते, आवाज बंद. मंगळवारी सकाळी हे जमलं असतं, पण मी यायच्या आत पोरांनी जागा करायला गाडी चालू करून हलवली होती. तेवढा उशीर आमच्या पदरात घाला. बुधवारी साडेसातला मी स्वतः आलो, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं लावून गाडी चालू केली, आणि जोडापाशी टिकटिक ऐकू आली. तिथं काजळी धरलेली. तो फोटो तुम्हाला पाठवला होता. बघितलात की नाही माहीत नाही.

त्या जोडातलं पॅकिंग साडेतीनशेचंच. पण गाडी २०१४ ची, नट गंजून एकजीव झालेले. नट बसतो तो एक स्टड तुटला, तो ड्रिल मारून काढायला दीड तास गेला. दुपारी चारला पुन्हा हायवेवर ट्रायल घेतली, मागचा सेन्सर ०.६८ वर शांत. सहाला गाडी तुमच्या ताब्यात. बिलात स्कॅनिंग आणि ट्रायलचे ७००, पॅकिंग ३५०, स्टड आणि लेबर ८००. बोलणार नव्हतो, पण बोललोच.

शुक्रवारी तुम्ही कुंभार्ली घाटानं गुहागरला गेलात आणि परत आलात, दिवा लागला नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. शेवटच्या ओळीत. ती ओळ किती जण वाचतात कोण जाणे. काल एका ताईंची गाडी सर्व्हिसला यायची होती. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं, "तुम्ही दोन दिवस ठेवून घेता का हो?" बावीस वर्षं झाली धंद्याला, असं कोणी विचारलं नव्हतं. त्या आल्या नाहीत.

यापुढं फोनवर अंदाजानं खर्च सांगायचा नाही, असं पोरांना बजावलंय. उशीर होणार असेल तर कळवायचं, तेही बघतो आहोत. जॉब कार्डावर "आधी कोणी दिवा घालवला होता का" हा प्रश्न छापून घेणार आहे. तुमच्यावर रोख नाही.

तुमचं जुनं पॅकिंग आणि तुटलेला स्टड पिशवीत घालून काउंटरवर ठेवलाय, त्या दिवशी द्यायचा राहिला. पाचेकशे किलोमीटर झाले की गाडी एकदा दाखवा, पैसे नाहीत. आदल्या रात्री आणून ठेवलीत तर बरं, सकाळी गाडी थंड असतानाच बघतो. आणि मध्ये दिवा लागलाच, तर कोणालाही टर्मिनल काढू देऊ नका, तशीच घेऊन या.