सोलर टाळण्याची राजमान्य रीत

भाऊ, मे महिन्यात पारा ४५च्या वर जाऊन बसतो त्या नागपुरात गच्चीवर सोलर न बसवता राहायचं, तर अंगी कसब लागतं. 'माकडं पॅनल फोडतात', 'संक्रांतीला पोरं पतंग कुठून उडवतील', 'स्लॅब गळते' या सबबी आता शिळ्या झाल्या; सोलरवाल्याकडे सगळ्यांची उत्तरं तयार असतात. म्हणून विरोध करूच नका. तोंडभरून कौतुक करा. हा उपाय इंग्रजांच्या राज्यातच लागू पडलेला आहे, आणि तोही मुंबईत.

विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबई हायकोर्टाचा डेप्युटी रजिस्ट्रार. १८७८ साली त्याने १७ बाय १० इंचांचे साधे सपाट आरसे चौकटीत बसवून ऊन एका जागी आणलं. तिथे लाकूड धरलं की लगेच पेटायचं. मग बॉयलर ठेवून बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन पंधरवडाभर चालवलं. आरशांची चौकट अर्धगोल रुळावरून दिवसातून तीन-चारदा ढकलायला एक मजूर पुरे. (मजूर कोणत्या भावाने धरला असेल, ते सांगायला नको.) सात शिपायांचं जेवण त्याने उन्हावर दोन तासांत शिजवलं, तेही जानेवारीत.

पुढे प्रात्यक्षिकाला लष्कराचे सरसेनापती आले, बांधकाम खात्याचे सचिव आले, न्यायमूर्ती आले, बडे गिरणीमालक आले. सगळे खूश! इंजिनियर मंडळी म्हणाली, कोळशाची बरोबरी नाही व्हायची, पण जोडीला चालेल. हे 'जोडीला चालेल' पाठच करून ठेवा. ते ऐकून समोरच्याला नाही म्हटल्याचं दुःखही होत नाही आणि आपल्या खिशातला रुपयाही हलत नाही. अ‍ॅडम्सचा प्रयोग तिथेच आटोपला.

आपल्याकडे नागपुरात तोवर टाटांच्या एम्प्रेस कापड मिलचा भोंगा वाजू लागला होता. १ जानेवारी १८७७, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची दवंडी पिटली तोच दिवस. टाटांचा हिशेब चोख होता: कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा हाकेवर. अशा गावात ऊन कुरड्या-सांडग्यांपुरतंच कामाचं.

'ढग आले तर?' हे मात्र विचारू नका, तोंडघशी पडाल. ६ ऑगस्ट १८८२ ला पॅरिसच्या बागेत आबेल पिफ्रने ढगाळ आभाळाखाली उन्हाच्या इंजिनावर छापखाना चालवून चक्क वर्तमानपत्र छापलं. त्याचा गुरू ओगुस्तँ मूशो, पेशाने गणिताचा मास्तर. फ्रान्सने त्याला अल्जीरियात धाडलं, कारण वसाहतीत ऊन फुकट होतं आणि कोळसा महाग. १८७८च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने उन्हापासून बर्फ केला. (कूलरमध्ये पाणी ओतणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये.) त्याला सुवर्णपदक मिळालं. नंतर कोळसा स्वस्त झाला आणि अनुदान आटलं. तेव्हा पदक द्यायला मागेपुढे पाहू नका.

एखादा फारच चिवट निघाला, तर त्याला जमीन देऊ करा. फ्रँक शुमन या अमेरिकन माणसाने १९१३ मध्ये कैरोजवळ मादीला आरशांच्या पाच लांबलचक पन्हाळी उभारल्या. एकेक ६२ मीटरची. त्यांच्या वाफेवर नाईलचं पाणी शेतात जाऊ लागलं. इजिप्तमधले इंग्रजांचे सर्वेसर्वा लॉर्ड किचनर इतके प्रसन्न झाले, की सुदानात कापसासाठी ३०,००० एकर देऊ केले. तो कापूस कोणाच्या गिरण्यांत जायचा होता, हे विदर्भाच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. जर्मनांनीही आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतीसाठी पैसे देऊ केले. मग १९१४ ला युद्ध पेटलं आणि १९१८ ला शुमन वारला. दोन साम्राज्यांनी कौतुक केलं, पदरात कोणाचंच काही पडलं नाही.

तर सोलरवाला आला, की आधी तर्री-पोहे खाऊ घाला. गच्ची दाखवा. ७८,००० रुपयांच्या सबसिडीचं ऐकून 'लय भारी आहे बाप्पा!' म्हणा. शेजाऱ्यांना बोलवा, फोटो काढा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये अभिनंदनाचा ठराव मांडा. 'जोडीला चालेल' हे अध्यक्षांच्या तोंडून येऊ द्या, वजन पडतं. पुढची बैठक नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस, संपल्यावर ठेवा. तेव्हा पावसाळा तोंडावर असतो, आणि पावसाळ्यात सोलर कोण बसवते, भाऊ?