शब्दप्रमाण म्हणजे मुकाट्याने मान डोलावणं नव्हे

'आपल्या सर्व दर्शनांनी शब्दप्रमाण सर्वोच्च मानलं. आप्तवचनावर शंका घेणं ही पाश्चात्त्य सवय. ऋषींनी, थोरांनी, चरकाने सांगितलं ते तपासायचं नसतं.' हा मेसेज सगळीकडे फिरतोय, तोवर मी सोडून देत होतो. (दर्शनं म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखा, प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, आणि शब्दप्रमाण म्हणजे आप्ताच्या, विश्वासू जाणत्याच्या, शब्दातून मिळणारं ज्ञान.) पण त्याच्या जोरावर आमच्या आत्याने रक्तदाबाची गोळी सोडून कुठल्याशा फॉरवर्डमधला काढा सुरू केला. आता बोलायलाच हवं.

'सर्व दर्शनांनी' हे धडधडीत खोटं आहे. वेद न मानणारे चार्वाक प्रत्यक्षापलीकडे जात नाहीत. बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान एवढीच दोन प्रमाणं मानतात, आणि आस्तिक, म्हणजे वेद मानणारं, म्हणवणारं वैशेषिक दर्शनही तेच करतं.

शंका पाश्चात्त्य? न्याय दर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप थेट वेदावर घेतलाय: खोटेपणा, परस्परविरोध, पुनरुक्ती. पुत्रकामेष्टी केली तरी मुलगा होत नाही, हे उदाहरण त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातच आहे. त्यावर नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, उत्तर देतात की कर्म, कर्ता किंवा साधन यांत उणीव राहिली असेल. मला ते उत्तर पटत नाही, पण त्यांनी प्रश्न दडपला नाही.

खरा घातक मुद्दा 'तपासायचं नसतं' हा. न्यायसूत्र १.१.७ म्हणतं, 'आप्तोपदेशः शब्दः', आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. मग आप्त कोण? वात्स्यायन भाष्यात सांगतो: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ (परके) सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे वय, कूळ, दाढी यांचा संबंध नाही. आता ही कसोटी काढ्याच्या मेसेजला लावा. लिहिणारा कोण, त्याने किती रोगी पाहिले, काढा विकण्यात त्याचा फायदा आहे का, यातलं आत्याला काहीएक माहीत नव्हतं. मग तो आप्त कसा?

आणि चरकाला तरी यात ओढू नका! आयुर्वेदावरच्या चरकसंहितेत, विमानस्थान या भागाच्या चौथ्या अध्यायात तो आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तिन्हींनी रोग पारखायला सांगतो. ज्ञानाच्या एका तुकड्याने सगळं कळत नाही, असं स्पष्ट बजावतो. रोग्याची परीक्षा चव सोडून सर्व इंद्रियांनी करायची. चव अनुमानाने ओळखायची: उवा अंगावरून निघून जाऊ लागल्या तर शरीराची चव बिघडली, माश्या येऊन बसू लागल्या तर गोडी आली. उवा-माश्यांवर इतकी बारीक नजर ठेवणारा माणूस 'तपासू नका' म्हणेल?

एक मात्र कबूल करतो. मीमांसक आणि वेदान्ती धर्म, ब्रह्म अशा इंद्रियांना न दिसणाऱ्या विषयांत श्रुतीलाच, म्हणजे वेदालाच, शेवटचा अधिकार देतात. पण तिथेही शंकराचार्य गीताभाष्यात, १८.६६ वर लिहितात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही.