बाप्तिस्म्याच्या वहीचा समास आधी वाचा

कोकणातल्या चर्चचा अभ्यास निघाला की दोनच प्रश्न येतात: माणसं किती, आणि ती ख्रिस्ती झाली कधी? एवढ्यावर प्रबंध उभे राहतात, याचं फार वाईट वाटतं.

वाढीचा आकडा घ्या. त्यात घरात जन्मलेली मुलं असतात, मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेले असतात आणि दुसरीकडून राहायला आलेलेही असतात. मेलेले आणि गाव सोडून गेलेले वजा करायचे राहून जातात. वसई-विरारकडे नव्या इमारतींत मुंबईची कॅथलिक कुटुंबं आली की धर्मग्राम (पॅरिश) मोठं होतं, नवा ख्रिस्ती मात्र एकही झालेला नसतो. सिंधुदुर्गात उलटं: नाव वहीत, माणूस मुंबईला नाहीतर आखातात. म्हणून हे रकाने वेगळे मांडा. नाताळात किंवा मे महिन्यात डोकी मोजलीत तर चाकरमानी मोजून याल, आणि भातलावणीच्या दिवसांतल्या रविवारी अर्धी बाकं रिकामी दिसतील. मधले साधे चार रविवार सलग मोजा.

खरा खजिना बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. कॅथलिक नियमाप्रमाणे माणसाचं लग्न कुठेही लागलं तरी तिथून बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असतं, आणि ती नोंद मूळ नावाशेजारी समासात चढते. दृढीकरण या संस्काराचीही तशीच. पन्नास वर्षांचे समास ओळीने वाचले की मुली कोणत्या गावांत दिल्या आणि मुलगे कुठे पांगले, याचा नकाशाच तयार होतो. मग धर्ममाता-धर्मपित्यांचा, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलासोबत उभे राहणाऱ्यांचा, रकाना बघा: ते आपल्याच जातीतले की बाहेरचे? जात कुठवर पोचली, ते इथे कळतं. आडनावावरून मात्र वंश ठरवू नका. डिसोजा, परेरा ही नावं बाप्तिस्म्याबरोबर मिळालेली आहेत, रक्ताबरोबर नाहीत.

मध्य प्रदेशात दमोहला जन्मलेल्या अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगाव्हरननी मांडलं की जात, भाषा, वर्ग यांची वेस ओलांडावी लागली नाही तर माणसं ख्रिस्ती व्हायला तयार होतात. कोकणात हे पटतं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. राज्य गेलं तरी गावं ख्रिस्ती राहिली, कारण तोवर आळी, सोयरीक आणि बोली सगळं त्यांचंच होतं. सामवेदी, वाडवळ, कोळी या जाती वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. उलट १८२३ पासून बाणकोट-हर्णैला आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, पण तिथे एकट्यादुकट्याला घरदार सोडून यावं लागे, आणि तिथली ख्रिस्ती मंडळी मोठी झाली नाही. तरीही या सिद्धांताला मी धोरण म्हणून मान देणार नाही. वाढ कशी झाली हे तो सांगतो. जात चर्चच्या दारातून आत आली, ही किंमत तो हिशेबात धरत नाही.

भाषा दोन ठिकाणी ऐका: वेदीपाशी आणि चुलीपाशी. रायगडातल्या कोर्लईत पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, घरातली पोर्तुगीज वळणाची बोली अजून टिकून आहे. वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, प्रमाण मराठीत, सामवेदींच्या घरात मात्र त्यांची कादोडी बोली. प्रश्नावली प्रमाण मराठीत नेलीत तर उत्तरंही प्रवचनासारखीच मिळतील.

वह्या धर्मगुरूंच्या परवानगीनेच बघा, फोटो काढू नका, नावांऐवजी क्रमांक उतरवा. आणि वसईकडच्या लग्नघरी उंबराचं पाणी, म्हणजे लग्नातल्या आंघोळीसाठीचं विहिरीचं पाणी, आणायला कोण जातं, कोणत्या विहिरीवर जातं, ते विचारा. विहीर बुजवली असेल तर आता पाणी कुठून आणतात, तेही.