साबण विकायला?

सकाळी वाशीला गाडी बदलत होते आणि आमच्या जुन्या केमिस्ट्री लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या एका ज्युनियरचा फोन आला. रडत होती. "ताई, सरांना कळलं." काय कळलं, तर तापाचं कारण सांगून ती एका कंपनीत इंटरव्ह्यूला जाऊन आली. सरांनी, म्हणजे आमच्या गाईडनी, ग्रुप मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर विचारलं, "पाच वर्षं तुझ्यावर घालवली ती साबण विकायला?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. लंचमध्ये टाइप करतेय, चुका पोटात घाला.

पीएचडी करणाऱ्या बाईला ताप आल्याची थाप का मारावी लागते? मीही मारली होती. मी आजीला आजारी पाडलं होतं. आजी 2009 मध्येच गेली होती.

माझी कंपनीच्या प्लांटमधली पहिली बॅच सांगते. रिअ‍ॅक्शन तोंडपाठ. लॅबमध्ये 1 लिटरचा फ्लास्क बर्फात ठेवायचा, वीस मिनिटांत दुसरं रसायन थेंब थेंब सोडायचं, झालं. इथे 1000 लिटरचा रिअ‍ॅक्टर. मी फीडचा, म्हणजे ते रसायन आत सोडण्याचा, तीन तासांचा हिशोब लावून ऐटीत उभी. शेजारी ऑपरेटर काका, नववी पास. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून परत येणाऱ्या ब्राइनच्या, म्हणजे गार करणाऱ्या मिठाच्या पाण्याच्या, पाइपवर, जिथे इन्सुलेशन फाटलं होतं तिथे, त्यांनी तळहात ठेवला. "मॅडम, फीड थांबवा. कोमट लागतोय." मी म्हटलं, डिस्प्लेवर तर सगळं ठीक आहे. काका काही बोलले नाहीत. हात तिथेच. मी फीड बंद केलं, आणि त्यानंतर डिस्प्लेवरचा तापमानाचा आकडा चढायला लागला.

आकारमान हजारपट झालं तरी भांड्याची भिंत शंभरपटच वाढते. उष्णता हजारपट, बाहेर पडायला वाट शंभरपट. हे मला अकरावीपासून येत होतं. पेपरात लिहिण्यापुरतं.

याला साबण विकणं म्हणतात का, सर? आणि साबण असला तरी कोणाचं काय जातं? सकाळी आंघोळ कशाने करता?

याच मुंबईत 1935 साली सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले होते. मुलगा युसूफ हमीद केंब्रिजचा डॉक्टरेट, तोही कंपनीतच आला. 2001 मध्ये एड्सची तीन औषधं मिळून दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, हा भाव त्यांनीच दिला. वाया गेले का हे दोघं?

बरं, पैशाचं बोललं की आपण लोभी. महिन्याची फेलोशिप जेआरएफ म्हणून 37 हजार, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणून 42 हजार, पाच वर्षं झाली की नळ बंद. थिसिस मात्र अजून तिसऱ्या चॅप्टरवर. मग घरभाडं काय पेपरांचे दाखले मोजणाऱ्या एच-इंडेक्सवर भरायचं?

हो, कंपनीत सोमवारी असलेला प्रोजेक्ट गुरुवारी नसतो आणि कोणी कारण देत नाही. चार वर्षांत माझी एक ओळ छापून आलेली नाही. खुपतं. एवढंच कबूल करते, पुढे विचारू नका.

सर वाईट नाहीत हो. माझ्या व्हायवाच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत माझ्या स्लाइड्स बघत बसले होते, मध्ये घरून आलेले दोन फोन कापून. पोरगी निघाली की त्यांना बहुतेक आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पण मग तसं म्हणा ना. साबण कशाला मध्ये? काकांच्या हाताची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नाही, हीही माझीच चूक. आता इथे वाचतील. वाचू देत.

पोरीला रविवारी घरी बोलावलंय. सांगितलंय, साठ स्लाइड्स आणू नकोस, दहा आण. कुठली रिअ‍ॅक्शन फसली आणि मग तू काय केलंस ते नीट सांगता आलं पाहिजे, कंपनीवाले खोदून खोदून तेच विचारतात. आणि सरांकडे उद्या जाऊन सरळ सांग की ताप नव्हता.

लंच संपला. दुपारी 500 लिटरची बॅच आहे. काका गेल्या वर्षी रिटायर झाले. इन्सुलेशन अजून तिथेच फाटलेलं आहे, आणि मी ग्लोव्ह काढून एकदा हात लावून येणार आहे. सेफ्टीवाल्यांनी ही शेवटची ओळ वाचू नये.